हात आमचे, सबुद तेंचो

आजीची कोयती अजून माझ्याकडे आहे. वीतभर लांब, मूठ झिजून गुळगुळीत झालेली, पात्याच्या टोकाला थोडी वाकलेली. सुकती लागली की आजी ती कमरेला खोचायची आणि खाडीच्या तोंडाशी उघड्या पडलेल्या कातळावर कालवां काढायला निघायची. मी मागोमाग, हातात ॲल्युमिनियमचा डबा घेऊन. कातळाला घट्ट चिकटलेल्या शिंपीच्या नेमक्या सांध्यावर ती टोक टेकवायची, मनगट एकदाच वळवायची, आणि शिंपी उघडायची. भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत डबा भरलेला असे. पाणी कधी चढेल, कुठला कातळ शेवटी बुडेल, कुठल्या फटीत पाय घालायचा नाही, हे सगळं तिला घड्याळाशिवाय कळायचं.

घरी आल्यावर मात्र ती बोलेनाशी व्हायची. पडवीत आजोबा, काका, शेजारचे दोघेतिघे बसलेले असत. होडीची डागडुजी कधी, जाळ्याचं सूत किती, कर्ज कोणाकडून, हे ठरत असे. पैसे बहुतेक आजीच्या बटव्यातले. एकदा मी विचारलं, "आजी, तू कित्या नाय बोलणस?" ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "चेडवा, हात आमचे, सबुद तेंचो."

हे वाक्य मी आयुष्यभर बाळगलं आहे. आज त्याचा हिशेब मांडायला बसले आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर बाई कामाला कधी बाहेर पडली, असा प्रश्नच नाही. ती बाहेरच होती. पुरुष दर्यावर, नाहीतर आगबोटीने मुंबईला, गिरणीत. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं तिचं: निवडणं, भाव करणं, खारवणं, सुकवणं, पाटी डोक्यावर घेऊन गाव पालथं घालणं. आजी पावसाळ्याआधी सुके बांगडे आणि गोलमो घेऊन आतल्या शेतकरी गावांत जायची आणि बदल्यात भात घेऊन यायची. मुंबईची मनीऑर्डर उशिरा आली तर शेत थांबत नसे. तरवा काढणारी, लावणी करणारी, पेज शिजवणारी तीच. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा वाचताना मला आमची वाडी दिसते: पुरुष चाकरमानी होऊन गेलेले आणि दारात, शेतात, बाजारात बायका.

पण कागद काढून बघावा. सातबाऱ्यावर आजोबा, मग काका. घरपट्टीवर आजोबा. होडीवर मात्र ठळक अक्षरांत देवीचं नाव रंगवलेलं. आजी ते दाखवून म्हणायची, "होडीक नाव बायलमाणसाचा, पण होडी बाप्यामाणसाची." आमच्या गावांचं राखण सातेरी करते, वारुळाच्या रूपात. आंगणेवाडीला भराडी देवीसाठी लाखो माणसं लोटतात. तिथे आंगणे घराण्यातल्या स्त्रिया देवीच्या प्रसादाचं जेवण एक शब्द न बोलता रांधतात. ते व्रताचं मौन आहे, त्यापुढे मी डोकं टेकते. मला सलतं ते दुसरं मौन, कोणी व्रत म्हणून न घेतलेलं, आणि तरीही वर्षभर पाळलं जाणारं.

आमच्या दारातून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला. लहानपणी होडीने तिकडे गेलो की आजी तटाजवळचा पुळणीचा एक लहानसा तुकडा दाखवायची: "ही राणीची वेळा. हंय ताराराणी न्हायची." लोक अजूनही तेच सांगतात. पुढे इतिहास वाचला तेव्हा कळलं, की 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर याच ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाच्या फौजांपुढे मराठ्यांचं राज्य उभं ठेवलं आणि पुढे कोल्हापूरची गादी उभी केली. मालवणही त्याच गादीकडे राहिलं. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ऑगस्टसचं नाव दिलं, तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. पुढच्याच वर्षी किल्ला कोल्हापूरकडे परत आला. दोन राण्या, दोन राज्यकारभार. आणि आमच्या किनाऱ्याच्या बोलण्यात काय उरलं? एक न्हाण्याची जागा. बाईने राज्य केलं हे विसरलं गेलं. ती आंघोळ कुठे करायची हे लक्षात राहिलं. आजीला हे सांगायला हवं होतं, पण मला कळलं तेव्हा ती नव्हती.

शब्द म्हणजे काय, हे मला शिकवलं ते दुसऱ्या एका म्हातारीने. आमच्या शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळा गाव त्यांना नुसतं "बाई" म्हणायचा. बालपणी वैधव्य आलेलं. एका धाकट्या मामाने धीर करून त्यांना पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमात पोचवलं होतं. संध्याकाळी दिवे लागले की बाई आमच्या पडवीत येत. आजी सुंगटां सोलत असे, बाई बोलत असत. आजी त्यांना "बाई" म्हणे, बाई तिला "वहिनी". एकीच्या हाताला मासळीचा वास, दुसरीच्या हाताला शाईचा. त्या दोघींच्या मधे बसून मी जे ऐकलं, ते मला कुठल्या वर्गात मिळालं नाही.

बाई अण्णांच्या गोष्टी सांगायच्या. अण्णा म्हणजे धोंडो केशव कर्वे, आपल्याच कोकणातले, मुरुडचे. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत चालत गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला मुलगा. 1893 मध्ये त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं आणि वाळीत पडले. 1896 मध्ये आश्रम काढला. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून झालं की ते हिंगण्याला पायी जात. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्यांनाही वैधव्य आलेलं. इंग्रजी जेमतेम येत असताना 1918 मध्ये संस्थेसाठी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि निधी घेऊन परतल्या. "देवरुखची पोर, वहिनी, आपल्यासारखीच पेज पिऊन वाढलेली," बाई म्हणायच्या, आणि आजीचे हात सुंगटावर थांबायचे.

पण बाईंची सगळ्यांत आवडती गोष्ट जपानची होती. कर्व्यांच्या हाती एक पुस्तिका आली. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी ती धाडली होती. तोकियोत 1901 मध्ये जिन्झो नारुसे यांनी स्त्रियांसाठी उभारलेल्या विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. कर्व्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. मग 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली, आणि त्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 मध्ये ते सुरूही झालं. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, तिथलं ते विद्यापीठ स्वतः बघून आले आणि त्यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. 1920 मध्ये विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. 1921 मध्ये पहिल्या पदवीधर बाहेर पडल्या, पाच जणी.

"फक्त पाच?" मी विचारलं होतं.

"पाच पुरतात, बाळ. पहिल्या पाच मिळणंच कठीण असतं."

मोठेपणी मला बाईंच्या या गोष्टीत एक गाठ दिसली. तोकियोचं ते विद्यापीठ आणि त्यावरून घडलेलं आपलं, दोन्हींच्या मुळाशी स्त्रीचं क्षेत्र मुख्यतः घर, अशी समजूत होती. त्या काळी जपानात मुलींच्या शिक्षणाचं ध्येय सुगृहिणी आणि सुजाण माता हे होतं. नारुसे एक पाऊल पुढे गेले: आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग राष्ट्राची घटक म्हणून शिकवा, असं त्यांचं सूत्र. कर्व्यांनीही मातृभाषेतून शिक्षण ठेवलं, आरोग्य आणि गृहव्यवस्था विषयांत आणली, आणि मुलींना वेगळा, सोपा अभ्यासक्रम दिला म्हणून टीका सोसली. टीकेत तथ्य होतं. पण पुढे काय झालं बघा. तोकियोच्या त्याच विद्यापीठातून 1906 मध्ये बाहेर पडलेल्या रायचो हिरात्सुका यांनी 1911 मध्ये बायकांनी चालवलेलं 'सेइतो' मासिक काढलं आणि सुगृहिणीच्या त्याच चौकटीला प्रश्न विचारले. इकडे कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाई 1931 ते 1936 या काळात विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. 1951 मध्ये कायद्याची मान्यता मिळाली तेव्हा पहिल्या कुलगुरू झाल्या प्रेमलीला ठाकरसी. घर नीट चालवावं म्हणून अक्षर दिलं, आणि त्या अक्षराने घराबाहेरचा कारभार मागितला. शिक्षण देणाऱ्याच्या हेतूत ते मावत नाही. ते वर चढतं, भरतीसारखं.

आजीने ही गोष्ट ऐकून एकच प्रश्न विचारला होता. "बाई, त्या जपानच्या बायको दर्यार जातत?"

जातात, असं बाईंनी वाचलं होतं. खोल पाण्यात बुडी मारून शिंपले काढतात.

"मगे तेंका इचारतत?"

बाईंना उत्तर देता आलं नाही. आजी पुन्हा सुंगटां सोलायला लागली. ते 1973 साल असावं, कारण त्याच सुमारास पलीकडे गोव्यात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या. रेडिओवर बातमी आली तेव्हा आजी उठून दाराशी गेली आणि दक्षिणेकडे बघत म्हणाली, "पलीकडे गोंयात बाई राज्य करता. मगे हंय कित्या नाय?" आमच्या महाराष्ट्रात त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मी शिकले, मुंबईला गेले, एका कचेरीत लागले. नाव सांगत नाही. सव्वीस वर्षांत किती अहवाल लिहिले त्याची गणती नाही. बैठकीत ते वाचून दाखवायला दुसरे कोणी उभे राहायचे. मी शिकवलेली दोन मुलं माझे वरिष्ठ झाली. बढतीच्या वेळी सांगितलं गेलं, "तुम्हांला घर आहे, दौरे झेपणार नाहीत." घर त्यांनाही होतं. त्या संध्याकाळी लोकलच्या दाराशी उभी असताना आजीचा आवाज आला, इतका स्पष्ट, की मी मागे वळून पाहिलं. हातात कोयतीच्या जागी लेखणी आली होती. सबुद अजून तेंचोच होता.

माझी भाची तोकियोला नोकरी करते, निशी-कासाई भागात राहते. तिथे आपली माणसं पुष्कळ. निवृत्तीनंतर तिच्याकडे गेले. तिच्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ बाईंना तिने जेवायला बोलावलं होतं. सोलकढी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि मग त्यांच्या तरुणपणाचं बोलणं निघालं. बायकांना वेगळा गणवेश. सकाळी सगळ्यांच्या टेबलांवर चहा ठेवायचा, कोणाचा पेला कुठला ते पाठ करायचं. लग्न ठरलं की फुलं घ्यायची आणि राजीनामा द्यायचा. काही कंपन्यांनी तर तसा नियमच केला होता. 1966 मध्ये सुमितोमो सिमेंटच्या खटल्यात तोकियोच्या न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. समान संधीचा कायदा 1985 मध्ये झाला, पुढच्या वर्षी अमलात आला. पण चहाचे पेले लगेच हलले नाहीत, असं त्या म्हणाल्या.

भाची म्हणाली, "मावशी, हे जपानचंच झालं." मी म्हटलं, नाही गं. आपल्या परराष्ट्र सेवेत बाईला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची, सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1979 मध्ये न्यायालयाने असल्या नियमांना फटकारलं. जपानात त्यांच्या कोर्टाने निकाल दिला, त्याच 1966 मध्ये आपल्याकडे इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या होत्या. तरी तेरा वर्षं तो नियम तसाच होता. शिखरावर एक बाई बसली म्हणून पायऱ्या सोप्या होत नाहीत. जपानला पहिली स्त्री पंतप्रधान, सानाए ताकाइची, 2025 च्या ऑक्टोबरात मिळाली. त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याखेरीज दोनच स्त्रिया होत्या. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या स्त्री-पुरुष समानतेच्या यादीत 148 देशांत जपान 118 वा, भारत 131 वा. इतका श्रीमंत देश, इतका शिकलेला, आणि तरी तिथे. पैसा आणि पदवी आली की शब्द आपोआप येतो, या समजुतीला त्या आकड्यांत जागा नाही.

मला मात्र आजीच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. भाची मला मिए प्रांतात, तोबाच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. ओसात्सु हे तिथलं आमांचं गाव. आमा म्हणजे श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बायका. पाठीला हवेचं नळकांडं नाही. त्यांच्या झोपडीत मधोमध विस्तव, भोवती बसलेल्या चारजणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. एकीने तिचं लोखंडी अवजार माझ्या हातात दिलं. कातळाला चिकटलेला अवाबी, म्हणजे एक मोठा शिंपला, उचकटायचं. चपटं, टोकाला थोडं वाकलेलं, मूठ झिजलेली. मला पुढचा क्षणभर बोलता आलं नाही. भाचीने तिला सांगितलं, हिची आजी हेच करायची.

मग मी आजीचा प्रश्न विचारला. तुम्हांला विचारतात का?

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, पाण्यात कधी उतरायचं ते इथे, विस्तवाभोवती आम्हीच ठरवतो. 10.6 सेंटिमीटरहून लहान अवाबी परत सोडायचा, हा नियम आम्ही पाळतो. समुद्र त्यानेच टिकला. आणि मच्छीमार संघात? ती विस्तवाकडे बघत राहिली. तिथे पुरुष बसतात, ती म्हणाली. देशभरातल्या मच्छीमार संघांच्या संचालकांत स्त्रिया आजही अगदी थोड्या आहेत. ज्यांच्या श्वासावर गाव जगलं, त्यांच्या शब्दाला टेबलाशी खुर्ची नव्हती. हजारो मैलांवरची आजी मला भेटली.

गावात एक देऊळ आहे. तिथे बाईची एक इच्छा पुरी होते अशी श्रद्धा. एका कागदावर ती लिहून ठेवायची. मी बराच वेळ लेखणी धरून उभी होते. मग देवनागरीत आजीचं नाव लिहिलं. सातबाऱ्यावर नसलेलं, घरपट्टीवर नसलेलं, होडीच्या कागदावर नसलेलं. दुसरं काही मागावंसं वाटलं नाही.

परत आले ती मालवणला राहायलाच. इथे काहीच बदललं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 1994 मध्ये राज्याने स्त्रियांसाठी धोरण आणलं, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. 2005 मध्ये तो देशभर झाला. 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या आधी आईचं नाव सरकारी कागदावर येऊ लागलं. सरपंचबाईंच्या खुर्चीमागे नवरा उभा राहिलेलाही मी पाहिला आहे, आणि पाच वर्षांत त्याच बाईंनी त्याला "तू घराक जा, मी येतंय" असं सांगितलेलंही पाहिलं आहे. कायदा खुर्ची देतो. बोलायला आवाज मात्र सरावाने येतो. तो सराव मिळायला पहिली खुर्ची लागतेच. म्हणूनच राखीव जागांना नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते, आणि भांडत राहणार.

मागच्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याला गेले होते. मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका 2017 पासून लोकांना कांदळवन दाखवतात. होडी त्यांची, वल्हं त्यांचं, माहितीही त्यांचीच: तिवराची मुळं श्वास कसा घेतात, कुठल्या झाडाखाली मासे अंडी घालतात, खंड्या कुठे बसतो. आमच्या होडीत शहरातून आलेले तिघे पुरुष होते. त्यांतल्या एकाने पलीकडच्या अरुंद फाट्याकडे बोट दाखवून तिकडे न्यायला सांगितलं. दोनदा सांगितलं, दुसऱ्या वेळी जरा जोरात.

वल्हं मारणाऱ्या बाईने पाण्याकडे पाहिलं. आजी पाहायची तसंच.

"सुकती लागली हा. थंय होडी रुततली. मी नेवचंय नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

तिघेही गप्प बसले. होडी वळली. वल्ह्याचा पाण्यात पडण्याचा आवाज तेवढा येत राहिला, आणि मी पिशवीत हात घालून कोयतीची ती झिजलेली मूठ घट्ट धरली.